उन्हवलीचं कढत पाणी

काळाचौकी,
मंगळवार, दुपार

प्रिय रुचा,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी हसशील. आईला आता कुठे पत्र लिहायची हौस आली, म्हणशील. पण फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला गं. पहिल्यांदा तू मनूला पाजत होतीस. दुसऱ्यांदा तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. तिसऱ्यांदा आसपास कुणीच नव्हतं, तर माझीच जीभ उचलेना. "जेवलीस का?" एवढं विचारून फोन ठेवला. म्हणून आज फॉल-बिडिंगच्या साड्या बाजूला सारल्या, मशीनवर कागद ठेवला आणि लिहायला बसले. हे पत्र एकटी असताना वाच. अभयरावांना नंतर दाखव, जरूर दाखव, पण आधी तू वाच.

तू माझ्यावर रागावली आहेस, आणि रागावण्यासारखंच मी वागले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. गणपतीत आली होतीस तेव्हा आपण दोघींनी कपाटाचा खालचा कप्पा रिकामाही केला होता. आणि नोव्हेंबरात मी तुला कळवलं की चाळीचं रिपेरिंग निघालंय, धूळ आहे, तू चिंचवडलाच थांब. परांच्या खऱ्याच बांधल्या होत्या, पण समोरच्या चाळीला. जानेवारीत मनू झाला तेव्हा हॉस्पिटलात आले, ती तोंडाला मास्क लावून. सर्दी झालीय म्हणाले. तू बाळ माझ्यापुढे धरलंस आणि मी पर्स दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली. त्या वेळचा तुझा चेहरा मी रोज बघते. मग बारशाला गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ना सर्दी होती, ना गुडघा दुखत होता. मनूला पाळण्यात घातलं त्या दिवशी मी कोकणात, खेडच्या बाजूला, उन्हवली नावाच्या गावात होते. आपल्या मजल्यावरच्या कमळाबाई दरवर्षी सांध्यांसाठी गरम पाण्याच्या कुंडावर जातात ना, ते गाव. त्यांच्याबरोबर गेले होते. तुझ्या बाबांनासुद्धा मी गुडघ्याचंच कारण दिलं होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. साड्यांचा ढीग पडला होता आणि मी एका पिस्ता रंगाच्या साडीला फॉल लावत होते. बघते तर साडीवर लाल ठिपका. त्याच्या बाजूला दुसरा. मला वाटलं, पानाची पिंक कुठून उडाली? मग मनगटाकडे लक्ष गेलं. टाचणी अर्धी आत गेली होती. किती वेळ होती कोण जाणे. मला काही म्हणजे काहीच लागलं नव्हतं. त्या जागी एक फिकट चट्टा दीड-दोन वर्षं होता, रुपयापेक्षा मोठा. मी त्याला कधी गजकर्णाचं मलम लावलं, कधी खोबरेल. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्याची काळजी केली नाही. दुखत नव्हतं हेच तर त्याचं दुखणं होतं.

त्यानंतर तुझे बाबा ड्युटीवर गेले की मी कडी लावून सुई घेऊन बसायची. लागतं कुठे, लागत नाही कुठे, ते टोचून टोचून बघायची. हातावर तळव्याएवढी जागा मेलेली निघाली. डाव्या पावलावर तर घोट्याच्या खालचा सगळा भाग. एकेका दिवशी वाटायचं, काल इथे लागत होतं, आज नाही. पुढे सरकतंय. मला त्याचं नाव माहीत होतं, रुचा. पण ते मी मनातसुद्धा घेत नव्हते. मनात आलंच तर मोठ्याने रेडिओ लावायची.

नाव माहीत होतं, कारण ते मी नऊ वर्षांची असताना ऐकलं होतं. चिंचपोकळीला माझ्या माहेरच्या चाळीत तळमजल्यावर राधाबाई राहायच्या. नवरा गिरणीत, मूलबाळ नाही. मला फार जीव लावायच्या. एकदा त्यांच्या दारात बसले होते तर त्यांनी स्टोवरचं उकळतं दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उचललं. सांडशी नाही, फडकं नाही. सावकाश खाली ठेवलं आणि माझ्याशी बोलत राहिल्या. मला इतकं नवल वाटलं! मी पळत वर गेले आणि नळावर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितलं, राधाबाईंना चटका बसत नाही, राधाबाई जादू करतात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. रक्तपिती. दुसऱ्या दिवसापासून राधाबाईंची कळशी सगळ्यांच्या शेवटी लागायला लागली. मग कुणीतरी त्यांच्या दाराला कडीच घातली बाहेरून. महिन्याभरात हातगाडीवर ट्रंक आणि गादी टाकून दोघं नवराबायको निघून गेली. निरोप द्यायला गॅलरीत कुणी आलं नाही. सगळी दारं बंद होती आणि सगळ्या दारांच्या फटीतून डोळे होते. त्यातले दोन माझे. कुठे गेली, पुढे काय झालं, कधी कळलं नाही.

म्हणून सांगते, तू म्हणशील या काळात कोण असं वागतं? मी वागले आहे गं. चाळ कशी वागते ते मी आतून पाहिलंय.

डिसेंबर असाच गेला. तुझी आठवण आली की हाताकडे बघायची. डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. केसपेपरवर नाव लिहिलं गेलं की ते खरं होणार, असं वाटायचं. त्यातच एकदा कमळाबाई सहज बोलून गेल्या, उन्हवलीच्या पाण्याने भलेभले चामडीचे रोग जातात, गंधकाचं पाणी ते. त्या सांध्यांबद्दल बोलत होत्या, पण माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. वाटलं, आठ दिवस बुडून बसेन, कुणाला कळायच्या आत धुवून निघेल, आणि मग सरळ चिंचवडला येऊन बाळाला मांडीवर घेईन. फेब्रुवारीत कमळाबाईंची जायची तारीख आली ती नेमकी बारशाच्या आदल्या दिवसाची. मी एकदा कॅलेंडर बघितलं, एकदा मनगट बघितलं, आणि हो म्हणाले.

परळ डेपोतून सकाळच्या एस.टी.ने निघालो. खेडला उतरून वडापच्या जीपने पुढे तासभर. रस्त्याला माणूस दिसत नव्हता, नुसते काजूचे उतार आणि वाळलेलं गवत. गाव म्हणशील तर पंधरा-वीस घरं, एक देऊळ, आणि खाली ओढ्याच्या काठाला ती कुंडं. गाव दिसायच्या आधी वास येतो, जळलेल्या आगकाडीसारखा. आम्ही रखमाबाई नावाच्या बाईकडे खोली घेतली. साठीची असेल, काटक, सारखी कामात. तिने माझ्याकडे बघितलं आणि "एवढ्या उन्हात फुल बाह्यांचा ब्लाउज?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ऊन सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडावर गेलो. जांभ्या दगडात बांधलेलं आहे. मागे जाळीच्या आत मूळ झरा, तिथलं पाणी इतकं कढत की बायका फडक्यात तांदूळ बांधून सोडतात आणि पंधरा मिनिटांत भात शिजवून काढतात. त्या झऱ्यापासून एक उघडी पन्हळ येते, वाटेत तिच्यात ओढ्याचं गार पाणी मिसळतं, आणि मग ते पत्र्याच्या आडोशाच्या आत बायकांच्या कुंडात पडतं. दहा-बारा जणी पाण्यात बसल्या होत्या. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, अंगाला खरूज उठलेली एक मुलगी, आणि एक बाळंतीण तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन चुळकाचुळकाने पाणी घालत होती. मला पाण्यात उतरवेना. सगळ्यांसमोर बाही कशी वर करणार? मी काठावर दगडावर बसले, एक पाय दगडावर, एक खाली सोडलेला, आणि त्या बाळाकडे बघत राहिले. अकरा वाजत आले होते. तुमच्याकडे आता पाळणा सजला असेल, कुंची कुणी घातली असेल, आत्याबाई कानात नाव सांगत असतील. मी तुझ्या घरात होते, रुचा. उन्हवलीत नव्हतेच.

"अगो बाय, पाय काढ! पाय काढ आधी!"

रखमाबाई ओरडली होती. भाताची पुरचुंडी हातात घेऊन ती झऱ्याकडून येत होती. मला कळेना कुणाला म्हणतेय. तिने धावत येऊन मला गुडघ्याखाली धरलं आणि पाय उचलला. मी पाय पन्हळीत सोडून बसले होते. गार पाणी मिसळतं त्याच्या वरच्या अंगाला. पावलाचा रंग शिजलेल्या कोलंबीसारखा झाला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यावर फोड फुगत होते.

"लागत नाय तुला?" तिने विचारलं.

मी हसले. खरंच सांगते, मी हसले आणि म्हणाले, "थोडं गरम लागतंय."

पाण्यात बोलणं थांबलं. आधी त्या बाळंतिणीने पोराला उचलून छातीशी घेतलं आणि ती पलीकडच्या पायऱ्यांनी बाहेर गेली. मग दुसरी उठली. मग खरूजवाल्या मुलीला तिच्या आईने हाताला धरून काढलं. दोन मिनिटांत कुंड रिकामं झालं, नुसतं पाणी हिंदकळत राहिलं. कमळाबाई ओल्या लुगड्याने पायरीवर उभ्या होत्या. त्या माझ्या पायाकडे बघत होत्या, मग हाताकडे. पाय ओढताना माझी बाही कोपरापर्यंत वर सरकली होती. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तुझ्या वेळी टेबलावर होते तेव्हासुद्धा नाही. वाटलं, हे सगळे डोळे आता माझ्याबरोबर मुंबईला येणार.

रखमाबाईने मला जवळजवळ उचलून खोलीत नेलं. पायावर विहिरीचं गार पाणी ओतत राहिली, किती कळशा ओतल्या कुणास ठाऊक. मग दार लोटलं आणि समोर बसली. म्हणाली, "या पाण्यानं सांधे मोकळे होतात, खाज जाते. तुझं हे जायचं नाय. उलट पाय घालवून बसशील. दरवर्षी चार-पाच जणी येतात तुझ्यासारख्या, फुल बाह्या घालून. मी त्यांना परत एस.टी.त बसवते." मी मान खाली घालून बसले होते. तिने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळी आत वळलेली, सरळ होत नव्हती. "मी पण वर्षभर गोळ्या खाल्ल्या. उशीर केला म्हणून एवढी राहिली. नंतर दोन पोरी झाल्या, दोघींची लग्नं झाली. आता तुझ्या तोंडानं नाव घे बघू. इथं माझ्यापुढं घेतलं नाय, तर डॉक्टरपुढं काय घेणार?"

मी घेतलं. कुष्ठरोग म्हणाले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, दुसऱ्यांदा म्हणाले.

तू आता पत्र खाली ठेवलं असशील. ठेव. पाणी पी. पण पुढचं वाच, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

परतीच्या एस.टी.त कमळाबाई खिडकीशी बसल्या आणि आमच्या दोघींच्या मध्ये त्यांनी पिशवी ठेवली. आठ तासांत एवढंच बोलल्या, "पनवेल आलं वाटतं." त्यांनी चाळीत कुणाला सांगितलं की नाही, मला आजही माहीत नाही. दुपारच्या चहाला मात्र त्या आल्या नाहीत परत. जिन्यात भेटल्या की "बरी आहेस ना गं?" म्हणतात आणि भिंतीच्या बाजूने वर जातात. गॅलरीत दोन बायका हळू बोलताना दिसल्या की मी अजून बाही खाली ओढते.

घरी आल्यावर तुझ्या बाबांनी पायाचं बँडेज बघितलं आणि ते खाटेवर बसले. म्हणाले, "मला आता खरं सांग. कॅन्सर आहे का?" चार महिने हा माणूस मनात तेवढंच घेऊन टॉवरच्या गेटवर उभा राहत होता. मी खरं सांगितलं. ते गॅलरीत गेले. अर्ध्या तासाने आत आले आणि म्हणाले, "म्हणजे मला पण तपासायला लागेल. उद्याची ड्युटी बदलून घेतो." पुढे पंधरा दिवस ते आपला कप स्वतः विसळून वेगळा ठेवायचे. मी बघत होते. मग एक दिवस विसरले, ते विसरलेच.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची आहे. मी रडायच्या तयारीने गेले होते, तर ती सर्दी-पडसं असल्यासारखी बोलली. वर्षभर गोळ्या, फुकट मिळतात, मधे एक दिवस चुकवायच्या नाहीत. पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत माझ्यापासून कुणाला लागण्याची भीती राहत नाही. हे आईबापाकडून रक्तातून येत नाही, पाप-पुण्याशी याचा संबंध नाही. पायाची गेलेली जाणीव कदाचित परत येणार नाही, तेवढं पावलाला जपायचं. आज माझा चौथा महिना चालू आहे. अंग जरा काळवंडलंय, गोळ्यांनी होतं ते. बाबांना काही निघालं नाही.

मग तिने विचारलं, "गेल्या काही वर्षांत तुमच्या घरात अजून कोण राहिलंय? जवळचं कोण येऊन-जाऊन असतं?" तिच्या हातात पेन होतं.

रुचा, मी म्हणाले, कुणी नाही. आम्ही दोघंच.

तुझं नाव सांगितलं तर चिंचवडच्या दवाखान्यातून कुणीतरी तुझ्या दाराशी येईल, सासूबाई दार उघडतील, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला राधाबाईंची हातगाडी दिसली आणि त्यावर तुझी ट्रंक. जिला वाढवलं, जी लग्नापर्यंत माझ्या कुशीत झोपत होती, गणपतीत दहा दिवस पाचव्या महिन्याचं पोट घेऊन माझ्याच गादीवर होती, ती लेक मी कागदावर येऊच दिली नाही. तुला वाचवतेय असं मला वाटत होतं.

परवा रविवारी तू व्हिडिओ कॉल केलास. मनूला खांद्यावर घेऊन थोपटत होतीस आणि गाऊनची बाही वर सरकली. दंडावर, मागच्या बाजूला, फिकट चट्टा दिसला. मी विचारलं, "ते काय गं?" तू म्हणालीस, "अगं, बाळंतपणानंतर आलाय, कॅल्शियम कमी झालं असेल." आणि मनूचा ढेकर निघाला म्हणून हसलीस. मी फोन बंद केला आणि तशीच जमिनीवर बसले. तो काहीही असेल. साधं शिबं असेल, उन्हाचा असेल. देव करो आणि तसंच निघो. पण तीन महिन्यांपूर्वी मी तुझं नाव सांगितलं असतं तर आज हे कळलेलं असतं. काल सोमवारी मी पहिल्या नंबराला जाऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिले आणि म्हणाले, मी खोटं बोलले होते, मला एक मुलगी आहे आणि चार महिन्यांचा नातू आहे. ती रागावली नाही. तिने तुमच्याकडच्या दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, ती या पाकिटात आहे. तिने सांगितलंय की चट्टा तसा निघालाच तर तो अगदी लवकर सापडला आहे, गोळ्या घेता घेता बाळाला अंगावर पाजता येतं, आणि मनूलाही एकदा दाखवून घ्यायचं. कुरिअरवाला म्हणाला, पत्र उद्या पोचेल. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. सासूबाईंशी काय बोलायचं ते माझ्यावर सोड, त्यांना काय विचारायचं ते मला विचारू देत. तू मला घरात घे की नको घेऊस, मनूला माझ्याजवळ दे की नको देऊस, मी एका शब्दाने विचारणार नाही. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसेन. पण दहाला दवाखाना उघडतो, तेवढी खाली ये. आत आपण दोघी जाऊ.

तुझीच,
आई